एक मिनिट उशिरा वाजलेली घंटा

अण्णा,

शाळेची घंटा सोमवारपासून आपोआप वाजते. कोणी हातोडा उचलत नाही, कोणी घड्याळाकडे बघत नाही, ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात कोणी उभंही राहत नाही. भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत एक टाइम स्विच आहे, आणि तो मी बसवलाय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. आपल्या घरात पत्र लिहायची पद्धत नव्हती, तशी बोलायचीही फारशी नव्हती. पण हे काम नेमकं माझ्याच हातून झालं, आणि ते करताना तुमच्या हातून एकदाच उशिरा झालेली ती घंटा पाठ सोडेना. तिच्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सोळाव्या वर्षापासून मी ती टाळत आले, आणि आता माझे केस तुमच्या शेवटच्या फोटोतल्यापेक्षा पांढरे झालेत. तेव्हा जरा दमानं घ्या, मी तिथपर्यंत येते.

धायरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये फोन आला तो मीच उचलला. आम्ही इथे कंट्रोल पॅनल बनवतो, म्हणजे पत्र्याच्या पेट्या आणि आत स्विच, वायरी, दिवे; तुम्ही एकदा येऊन बघून गेला होतात आणि ‘बायकांच्या हातात पक्कड चांगली दिसती’ असं म्हणाला होतात. पलीकडून मुख्याध्यापिका बाई बोलत होत्या. “आमचे घंटा देणारे शिपाई निवृत्त होताहेत, आणि त्यांच्या जागी आता कोणी मिळणार नाही म्हणे. मुलं मात्र दरवर्षी येतातच हो. तर घंटा आपली आपण वाजेल असं काही करून द्याल का?” कुठली शाळा, मी विचारलं. त्यांनी नारायण पेठ म्हटलं, शाळेचं नाव सांगितलं, आणि मी खुर्ची ओढून बसले. मी तुमच्याच शाळेची विद्यार्थिनी, असं मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कोणाची मुलगी, ते मात्र सांगितलं नाही. बावन्न वर्षांची बाई, आणि तरी जीभ तिथेच अडली.

सकाळचे सात वाजायला आलेत. तुम्ही रेडिओसमोर उभे आहात, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलंय, चावी बाहेर ओढलीय. बातम्यांआधीचे ठोके सुरू होतात, शेवटच्या ठोक्याला तुम्ही चावी आत दाबता आणि मगच चहाचा कप उचलता. आईनं तो कधीचा ओतून ठेवलेला असतो. “निवला की हो,” ती म्हणते. “निवू दे. घड्याळ मागं ऱ्हायला नको,” तुम्ही म्हणता. मग सायकल. धायरी तेव्हा गाव होतं आणि सिंहगड रोडवर तुमच्या पुढेमागे दुधाच्या किटल्याच जास्त असायच्या. पाऊस असो, पंक्चर असो, शाळा भरायच्या तासभर आधी तुम्ही पोचलेले असायचात. पहिल्या तासाला एक टोल, दुसऱ्याला दोन, असे मोजून. मधल्या सुट्टीला सलग घणघण. आणि शाळा सुटताना असा दणका, की समोरचा वह्या-पुस्तकांचा दुकानदार त्यावर आपलं घड्याळ लावायचा. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “रेडिओ चुकेल एखादे वेळी, मामा चुकायचे नाहीत.” सगळी शाळा तुम्हाला मामा म्हणायची. मला शाळेत तुम्हाला हाक मारायची वेळ आली तर मी मारायचेच नाही, जवळ येऊन उभी राहायचे. सातवीपर्यंत मी तुमच्या कॅरिअरवर बसून आले. आठवीत म्हटलं, मी बसनं जाईन, पाय दुखतात. कॅरिअरवर बसून पाय कसे दुखतात, हे तुम्ही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी बसचा पास काढून आणलात.

आता हा टाइम स्विच म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्ही ते नक्की विचारलं असतंत. दोन काडेपेट्या एकावर एक उभ्या ठेवल्या तर होईल एवढी पांढरी डबी. पुढे छोटा पडदा, त्यावर आकडे, खाली चार-पाच बटणं. आधी त्याला आजचा वार आणि आत्ताची वेळ सांगायची. मग किती वाजता चालू करायचं, किती वाजता बंद, आणि कुठल्या वारी, हे एकेक करून भरायचं. शेवटी बटण दाबून त्याला ‘ऑटो’वर आणायचं, की तो तुमचं ऐकायला लागला. वीज गेली तरी आतल्या बॅटरीवर वेळ चालू राहते. असे मी शेकड्यांनी बसवलेत, दुकानांच्या पाट्यांना, सोसायट्यांच्या जिन्यातल्या दिव्यांना, पाण्याच्या पंपांना. म्हणून डोकं न वापरता फळीवरचा एक उचलला आणि शाळेत नेऊन विजेच्या घंटेला जोडला. चूक तिथे झाली. ह्या साध्या टाइम स्विचला मिनिटाहून लहान काही कळतच नाही. दिवा मिनिटभर आधी लागला काय नि नंतर लागला काय, कोण विचारतं? पण मी भरून ठेवलं होतं, तिसरा तास अकरा वाजता चालू, अकरा वाजून एक मिनिटाला बंद. अकरा वाजले आणि घंटा वाजायला लागली ती थांबेचना.

पहिले दहा सेकंद सगळे नुसते वर बघत होते. मग वर्गावर्गांतून मुलं कानांवर हात ठेवून हसायला लागली. एक शिक्षिका मुलांची रांग करून जिना उतरायला लागल्या, त्यांना वाटलं आग लागली. मुख्याध्यापिका बाई दारात आल्या आणि त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. मला एक बटण दाबून ते बंद करता आलं असतं. तीस वर्षं हेच करतेय मी. पण मी तुमच्या जागेवर उभी होते अण्णा, बरोबर तिथेच, समोर दहावीच्या वर्गाची खिडकी, आणि बोट बटणावर ठेवून मी ते अख्खं मिनिट जाऊ दिलं. मिनिट केवढं लांब असतं हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला मात्र ते आधीच माहीत होतं.

दहावीची प्रिलिम होती, बीजगणिताचा पेपर. दोनला सुटायचा. तुम्ही हातोडा घेऊन टांगलेल्या टोलाखाली उभे होतात. शेजारच्या वर्गातल्या सरांनी आपल्या घड्याळावर बरोबर दोनला सगळ्यांचे पेपर ओढून घेतले. आमच्या वर्गातल्या बाई घंटेची वाट बघत थांबल्या. घंटा झाली ती दोन वाजून एक मिनिटानं. शेजारच्या वर्गातली मुलं लगेच भांडायला उठली, ह्यांना जास्त वेळ दिला म्हणून. मुख्याध्यापक सर घड्याळ हातात घेऊनच बाहेर आले. व्हरांडाभर मुलं, मुलांत मी.

“अहो, घड्याळ बंद पडलं का?”

“न्हाई सर. चालू हाय.”

“मग?”

“माजं लक्ष नव्हतं.”

“वा. बावीस वर्षं असलेलं लक्ष, नेमकं परीक्षेच्या दिवशी गेलं. उद्यापासून घंटेला हात लावू नका. आपण पाण्याच्या टाक्यांकडे बघा, त्यांना मिनिटं कळत नाहीत.”

तुम्ही हातोडा खिडकीच्या कठड्यावर ठेवलात, नीट, आडवा, पडणार नाही असा. माझ्या शेजारची मुलगी मला म्हणाली, “तुझे बाबा झोपले होते का गं?” मी म्हटलं, “असतील.” आणि हसले. हे तुम्ही ऐकलंत की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

संध्याकाळी तुम्ही घरी आलात, मोरीत पाय धुतलेत आणि पंच्यानं पुसत माझ्याजवळ आलात. आई शेजारी गेली होती. तुमचा आवाज एकदम हलका, जणू काही चांगली बातमी सांगायचीय. “मी खिडकीतनं बगत होतो. तुजी मान खाली, पेन चालू. म्हनलं, पोरीचं थोडंच ऱ्हायलंय. हात उचलंना.” मग विचारलंत, “झालं का मग पुरं?” मी म्हटलं, “हो, झालं.” “मंग बास,” तुम्ही म्हणालात. आईला जेवताना एवढंच सांगितलंत की आता टाक्यांचं काम आलंय, त्यात जरा बसायला मिळतं. पेपर तपासून मिळाला तेव्हा माझा एकही गुण गेलेला नव्हता. तुम्ही तो हातात घेतलात, चष्मा लावलात, शेवटचं पान उघडलंत आणि त्यावरून बोट फिरवत मला विचारलंत, “हे का? हे त्या टायमाचं?” मी मान डोलावली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सात वर्षं तुम्ही घंटेला हात लावला नाहीत. पण सकाळी सातचे ठोके ऐकून घड्याळ लावणं सोडलं नाहीत, आणि दुसऱ्याच्या हातची घंटा झाली की टाकीपाशी उभे राहून मनगटाकडे बघायचात. मी दहावीतले उरलेले दोन महिने ते रोज बघितलं. एकदाही तुमच्याजवळ गेले नाही.

त्या मिनिटभराच्या गोंधळाच्या दुसऱ्या दिवशी मी सेकंद कळणारा टाइम स्विच घेऊन शाळेत गेले. तासाला तीन सेकंद, मधल्या सुट्टीला पाच, शाळा सुटताना आठ. शनिवारची वेळ वेगळी भरली. परीक्षेचं वेळापत्रक वेगळं, ते लागेल तेव्हा निवडायचं, हे बाईंना दोनदा करून दाखवलं, आणि सुट्टीच्या दिवशी तो बंद करून ठेवायला विसरू नका म्हणून सांगितलं, कारण शाळेला सुट्टी आहे हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. बाई हुशार आहेत, चटकन शिकल्या. कालच्या प्रकाराबद्दल फक्त एवढंच म्हणाल्या, “काल अख्ख्या पेठेला कळलं की आम्ही आधुनिक झालो.” मी हसले, आणि का कोण जाणे, तेव्हा तोंडातून निघून गेलं. “माझे वडील इथे शिपाई होते. बावीस वर्षं घंटा तेच द्यायचे.” इतकं सोपं होतं ते, अण्णा. छत कोसळलं नाही. बाई माझ्याकडे नीट वळून बघायला लागल्या. “अहो, मग आधी नाही का सांगायचं?” त्या म्हणाल्या, आणि मग सहज, काही मनात न धरता, “त्यांची कधी चुकली का हो घंटा?”

“कधीच नाही,” मी म्हटलं.

आणि हे खरं आहे, कारण चूक तुमची नव्हतीच. माझा पेपर पावणेदोनलाच संपला होता. दोनदा तपासून झाला होता. उठून बाहेर आले असते तर व्हरांड्यात तुम्ही एकटे होतात, आणि तुम्ही हमखास पुढे येऊन विचारलं असतंत, “कसा गेला गं पेपर? समदं आलं न्हवं?” आणि खिडकीशी बसलेल्या मुलींनी ते ऐकलं असतं. म्हणून मी सगळ्यांबरोबर गर्दीत बाहेर पडायचं ठरवलं. नुसती बसले असते तर बाई म्हणाल्या असत्या, झालं असेल तर ऊठ. म्हणून मान खाली घातली आणि शेवटच्या उत्तरातल्या आकड्यांवरून पुन्हा पुन्हा पेन फिरवत राहिले. तुम्ही जे पाहिलंत ते हे होतं. तुम्ही हातोडा धरून थांबलात त्या मिनिटात मी एक अक्षरही नवीन लिहिलं नाही. ज्या पानावर तुम्ही बोट फिरवलंत तिथे तुमच्या मिनिटातलं काहीच नव्हतं, नुसते गिरवून जाड झालेले आकडे होते.

तुम्ही त्यानंतर सतरा वर्षं होतात. जेवायला रोज समोर बसायचात. मी कधीही सांगू शकले असते, आणि दर वेळी स्वतःला समजावत राहिले की तुम्ही त्या मिनिटावर एवढे खूश आहात, ते कशाला मोडायचं. ते खोटं आहे. हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे, आणि तुम्ही आज समोर असतात तरी ते तुम्हाला दिलं नसतं. कारण दिलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत की मग लवकर उठून का नाही आलीस, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. मला तुमची लाज वाटत होती, अण्णा.