आतून लागलेली कडी

ताईस धाकटीचा नमस्कार. आम्ही सुखरूप आहोत, एवढंच आईला वाचून दाखव.

काल मी कपडे वाळत घालत असताना माझ्या थोरल्याने खोलीची कडी आतून लावली आणि त्याला ती उघडता येईना. आत छकुली रांगतेय, इस्त्री तापलेली! ह्यांचा फोन लागेना. मुलं झाल्यापासून मैत्रिणींना ‘नंतर बोलू’ म्हणत टाळलं. आता बोलवू कुणाला?

शेवटी शिवणकाम करणाऱ्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती धावत आली, मी मावले नसते अशा अरुंद खिडकीतून शिरली, आधी इस्त्री बंद केली, मग कडी काढली.

“वर्षभर तुझे फोन उचलले नाहीत गं,” मी रडतच म्हटलं.

“आधी पाणी पी. मग भांडू.”

अजून मनात येतं, तिनेही फोन उचलला नसता तर?

तुझा गुडघा कसा आहे? आणि मुलं लहान असताना तू मैत्रिणी कशा टिकवल्यास, तेवढं लिही.

तुझी,
घाबरट धाकटी