आत्याबाईंनी वाढलेलं ताट

सोलापूर, ११ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. भगिनी रुद्राणीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंनी नुसतं टॉनिक दिलं, असं तू टांग्यात सांगितलंस. अगं, मी पडद्याबाहेरच बसलो होतो की! बाजाराच्या गलक्यात गठ्ठे वाहून वाढलेल्या माणसाचे कान आहेत हे. दोनदा दिवस राहिले अन् दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यातच गेले, त्याला अंगावरची चरबीही कारण असेल, त्यानं पाळी बिघडते, गर्भ धरला तरी नीट रुजत नाही, असं बाई म्हणाल्या. आधी वजन उतरव, म्हणाल्या. दोनच भाकऱ्या खाते, असं तू सांगितलंस तेव्हा मी हसू दाबलं. पण घरी हे लपवतेस का?

तुझा अण्णा, सोमलिंग


वैराग, १९ फेब्रुवारी

ती. अण्णास शि. सा. न.

भाकऱ्या दोनच खाते. शेंगापोळ्यांचं बाईंनी विचारलं नव्हतं!

पण माझ्या सासूला, आत्याबाईंना, काय सांगू? पोर अशक्त म्हणून गर्भ टिकत नाही, असं त्यांनी धरलंय. मागच्या खेपेला माझ्याआधी त्याच रडल्या. तेव्हापासून समोर बसून वाढतात, वर तूप. नको म्हटलं तर विचारतात, माझ्या हातचं गोड लागंना व्हय? तुमच्या वाढण्यानंच बिघडलं, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

वहिनीस नमस्कार. माया करतोस तशीच करीत राहा.

रुद्राणी


सोलापूर, २५ फेब्रुवारी

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

वेडी आहेस. जिला तुझी एवढी काळजी, तिच्यापासूनच लपवतेस? त्यांना घेऊन ये. काय ते बाई सांगतील, आणि तुझं ताट त्यांच्याच ताब्यात देतील. दुकानातला एखादा माणूस दुखावेल असं वाटलं की मी किल्ल्या त्याच्याच हाती देतो. मग तो राखणीला बसतो. शनिवारी स्टँडवर उभा राहीन.

अण्णा


वैराग, १२ जानेवारी १९७५

ती. अण्णास शि. सा. न.

पत्राला मुद्दाम उशीर केला. इतक्यात कुणाला कळवायचं नाही, असा आत्याबाईंचा हुकूम होता.

मीच नातवाच्या आड आले काय, म्हणून त्या दवाखान्यात रडल्या. दोष कुणाचाच नाही, कारणंही बरीच असतात, असं बाईंनी समजावलं, ते तू ऐकलंसच. तेव्हापासून रोज मला मळ्यापर्यंत चालवत नेतात. माझ्यासाठी स्वतःही तूप सोडलंय. शेजारीण म्हणाली, सून लई वाळली की. तर तिच्याशी भांडून आल्या.

अण्णा, सहावा महिना लागलाय. काल पोटात चांगलंच हललं. मी आत्याबाईंचा हात ओढून तिथं ठेवला. चुलीवर दूध उतू चाललं होतं, घरभर वास सुटला, तरी त्या हात काढेनात.

तुझीच,
रुद्राणी