आवक नोंदवही नष्ट करणेबाबत

मार्केट यार्डामागे, पुणे
रविवार, दि. २२ जून २०१४

प्रिय अनंतराव यांस सप्रेम जयभीम.

आपण, वहिनी व मुले दौंडला खुशाल असाल याची मला खात्री आहे, कारण तसे नसते तर तुमच्या ताईला फोन आला असता आणि तो मला स्पीकरवर ऐकावा लागला असता. आमच्याकडे माझा गुडघा सोडून सर्व ठीक. (गुडघाही तसा ठीकच आहे, पण निवृत्त माणसाने काहीच दुखत नाही म्हटले की लोक कामे सांगतात.) पाकीट जाड आहे म्हणून धास्ती घेऊ नये. आमच्या शेजारच्या बाबुरावांची सून अक्षता सुखरूप आहे, तिची मुलगी (दोन किलो आठशे) सुखरूप आहे आणि माझी अब्रूही बऱ्यापैकी सुखरूप आहे. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मात्र या तिन्हींपैकी एकाचीही हमी देता आली नसती. आज चौथा दिवस, तरी मधूनच माझ्या तोंडून हुश्श निघते आणि तुमची ताई स्वयंपाकघरातून विचारते की आता काय झाले.

प्रकरण समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. आमच्या विहारात रक्तदात्यांची एक वही असे आणि ती बाबुरावांकडे असे. कोणाला रक्त लागले की बाबुरावांकडे जायचे. बाबुराव आधी चष्मा शोधणार, मग वही शोधणार, मग त्या गटाचा माणूस शोधणार, आणि तोवर नातेवाईक स्वतःच कुठून तरी रक्त घेऊन आलेले असत. गेल्या वर्षी मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो (खाते माझ्यातून सुटले असेही म्हणणारे आहेत) आणि विहाराच्या बैठकीत उभा राहून म्हणालो की ही यादी मी कॉम्प्युटरवर घेतो, कोणीही कुठूनही मोबाइलवर बघावी. बाबुराव म्हणाले, वहीला लाइट लागत नाही. मी म्हणालो, चष्मा लागतो. बैठकीचा कौल माझ्या बाजूने पडला. तेव्हापासून बाबुराव माझ्याशी 'असेल' या एका शब्दात बोलू लागले. काहीही सांगा, असेल.

यंत्र आमच्या पूर्वाने आणून दिले. ती खराडीच्या कंपनीत याच विषयात पगार घेते, तेव्हा मला वाटले मोठे काही येईल. आले ते साबणाच्या वडीएवढे. आम्ही ते फ्रिजच्या स्टॅबिलायझरशेजारी ठेवले आहे. त्यात लिनक्स चालतो (हा यंत्राचा कार्यालयप्रमुख), आणि लिनक्सच्या हाताखाली मुख्य कर्मचारी दोन. पहिला वेब सर्व्हर: हा खिडकीवर बसतो आणि आलेल्याला काय हवे ते विचारतो. दुसरा डेटाबेस: हा आत अभिलेख कक्षात बसतो आणि सहाशे चौदा नावांतून हवे ते नाव काढून देतो. सगळ्यांना बसायला जी खोली ती म्हणजे मेमरी, आणि ती फक्त दोनशे छप्पन्न एमबीची. पूर्वाच्या फोनमध्येही याच्या चौपट जागा आहे म्हणे. खिडकीवर गर्दी झाली की वेब सर्व्हर प्रत्येक माणसामागे एक नवा कारकून उभा करतो, प्रत्येकाला वेगळी खुर्ची. खुर्च्या संपल्या की लिनक्स स्वतः उठतो, खोलीत सर्वांत जास्त जागा कोणी अडवली आहे ते बघतो आणि त्याला तिथल्या तिथे संपवतो. नोटीस नाही, खुलासा नाही. (हा नियम आपल्या खात्यांत असता तर पहिल्याच दिवशी साहेब गेले असते.) आणि सर्वांत जास्त जागा अडवणारा नेमका डेटाबेस निघतो, म्हणजे ज्याच्यापाशी नावे आहेत तोच. म्हणून पूर्वाने बजावले होते की बाबा, यात जागा कमी आहे, मी लावून दिलंय त्यात काही वाढवू नका.

आता तुम्हीच सांगा. बत्तीस वर्षे मी बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद नोंद न होता पुढे गेला असे एकदाही झाले नाही. खुद्द कार्यकारी अभियंत्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेला मी आवक क्रमांक दिला होता (आणि ती संबंधित शाखेकडे पाठवली होती, पण तो विषय वेगळा). तेव्हा कोणी आपल्या पानावर यावे, बघावे आणि नोंद न होता निघून जावे हे मला बघवेना. लक्ष्मी रोडवरच्या एका क्लासला तीन महिने जाऊन मी थोडे शिकलो आणि माझ्या हाताने यंत्रात आवक नोंदवही सुरू केली. जो येईल त्याला क्रमांक. दिनांक, वेळ, कोठून, विषय. आणि 'मागील संदर्भ'. म्हणजे कोणी आला की यंत्राने पहिल्या पानापासून अख्खी नोंदवही चाळायची, हा गृहस्थ पूर्वी आला होता का बघायचे, आला असल्यास ते सर्व संदर्भ तारखेप्रमाणे लावून जोडायचे, आणि मग त्याला आत घ्यायचे. पूर्वाला सांगितले नाही. चांगल्या कामाची जाहिरात कशाला करायची. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात मी व्यासपीठावरून जाहीर केले की आजवर एक लाखाहून अधिक नागरिकांनी आपल्या यादीचा लाभ घेतला आहे. टाळ्या पडल्या. बाबुराव पहिल्या रांगेत होते. असेल, म्हणाले.

जून उजाडला आणि यंत्र आजारी पडू लागले. पान उघडायला जावे तर पांढरे. प्लग काढून पुन्हा लावला की तासभर बरे चाले, मग पुन्हा मान टाके. मी सकाळ-संध्याकाळ प्लग काढू-घालू लागलो आणि कोणाला बोललो नाही. पूर्वाला सांगावे तर नोंदवही उघडकीला येणार, विहारात सांगावे तर बाबुरावांना आयते कोलीत मिळणार. पंधरा दिवस मी असे झाकून नेले. हे मी अभिमानाने लिहीत नाही.

गुरुवारी अकराला बाबुराव दारात. अक्षताचे दिवस भरले होते. डॉक्टरांनी संध्याकाळी सहाला ऑपरेशन ठरवले होते, रक्त ओ निगेटिव्ह, आणि दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी हात लावणार नाही असे सांगितले होते. रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. दाता न्यायचा तर एकच्या आत, कारण रक्त घेतल्यावर तपासणीला चार तास लागतात. बाबुरावांचा मुलगा चेतन दवाखान्यात बसून फोनवर फोन करत होता. जुन्या वहीत ओ निगेटिव्हची दोन नावे होती. त्यांतले एक वारलेले, आणि दुसऱ्याचा नंबर सहा आकडी होता, त्या काळचा. बाबुरावांनी स्टॅबिलायझरशेजारच्या यंत्राकडे बघितले आणि हात जोडून म्हणाले, दशरथराव, तेवढं बघा. अनंतराव, ते टोमणा मारतील म्हणून मी तयारीत होतो. टोमणा आला नाही तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळले.

पान उघडले, पांढरे. प्लग काढला, लावला, पुन्हा पांढरे. तिसऱ्या वेळी यादी यायला लागली आणि ए पॉझिटिव्हवर अडकली. (ए पॉझिटिव्हवाले आमच्याकडे एकशे एक्केचाळीस आहेत आणि त्या दिवशी त्यांचा कोणालाही उपयोग नव्हता.) शेवटी लाज गुंडाळून पूर्वाला फोन लावला. तिच्या कंपनीतून घरच्या यंत्राला हात लावता येत नाही, म्हणून ती सांगणार, मी एका बोटाने टाइप करणार आणि पडद्यावर येईल ते वाचून दाखवणार. तिने आत काय काय साठवले आहे त्याची यादी मागवली. मी वाचले: दाते, सहाशे चौदा. आवक, एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे बारा. तिने तो आकडा पुन्हा वाचायला लावला. मग ती म्हणाली, बाबा, हे आवक काय आहे. मी सांगितले. मागील संदर्भाचेही सांगितले. त्यावर तिने जे समजावले ते मी अजून पचवतो आहे. त्यांतल्या पावणेदोन लाखांहून जास्त नोंदी माणसांच्या नव्हत्याच. शोध घेणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रे जगभर रात्रंदिवस पाने वाचत हिंडतात, ती आमच्याकडेही येत होती. मी त्यांना क्रमांक देत होतो. प्रत्येक यंत्राचे जुने हजारो संदर्भ दर खेपेला काढून, तारखेप्रमाणे लावून, जोडून देत होतो, आणि त्या ओझ्याखाली लिनक्स माझ्या डेटाबेसचा जीव घेत होता. त्यांतल्या एकाला तर मी नियमित वाचक म्हणून मनातून मानत असे. रोज पहाटे यायचा, कधी तक्रार नाही.

उडवा ते, पूर्वा म्हणाली. एक ओळ टाइप करा आणि एंटर मारा. मी ओळ टाइप केली. एंटरवर बोट ठेवले आणि बोट दाबेना. मी लपवत नाही. अभिलेख नष्ट करायचा तर तो कोणत्या वर्गाचा ते आधी ठरले पाहिजे. अ वर्ग कायमचा, ड वर्ग एक वर्षाचा, आणि माझ्या नोंदवहीचे वर्गीकरण झालेलेच नव्हते. मंजुरीशिवाय मी उभ्या आयुष्यात टाचणीसुद्धा निर्लेखित केलेली नाही. मी फोन ठेवला बाजूला, कागद ओढला आणि टिपणी लिहायला बसलो. विषय, पार्श्वभूमी, सबब सदर नोंदवही ड वर्गात समाविष्ट करून नष्ट करण्यास मंजुरी असावी, आदेशार्थ सादर. चार मिनिटे गेली. बाबुराव दारात उभेच होते. त्यांनी घाई केली नाही, रागावले नाहीत, नुसते माझ्या पेनाकडे बघत होते. त्या चार मिनिटांची मला आजही लाज वाटते आणि ती पुढेही वाटावी अशी माझी इच्छा आहे. तुमची ताई पिठाच्या हाताने बाहेर आली. टिपणी वाचली. सक्षम अधिकारी या जागी 'मंजूर, सुंदराबाई ओव्हाळ' अशी सही ठोकली आणि म्हणाली, रक्तपण तीन प्रतींत द्यायचं का? मी एंटर दाबला.

एका क्षणात सगळे गेले. बत्तीस वर्षांत एवढा कागद मी उंदरांनाही खाऊ दिला नव्हता. मग पूर्वाने दोन-तीन ओळी बदलायला लावल्या (खिडकीवर दहाऐवजी दोनच कारकून, बाकीच्यांनी रांगेत उभे राहावे, डेटाबेसला खोलीचा एक कोपरा, त्याने तेवढ्यात भागवावे) आणि पान उघडले. उघडले म्हणजे टिचकी मारल्यासारखे उघडले. ओ निगेटिव्ह, चार नावे. पहिले गृहस्थ नाशिकला बदलून गेलेले. दुसऱ्या बाईंनी गेल्याच महिन्यात रक्त दिलेले, त्यामुळे नियमाने चालेना. तिसऱ्यांना कावीळ. चौथा वैजनाथ, कात्रजला डेअरीत कामाला. तो पाळी संपवून नुकताच घरी येऊन जेवायला बसत होता. त्याने दोनच गोष्टी विचारल्या, रक्तपेढी कुठली आणि पार्किंग आहे का. बारा चाळीसला तो खुर्चीत आडवा होता. दुसरी पिशवी रक्तपेढीने दुसऱ्या पेढीतून बदलीवर मिळवून दिली आणि बदलीचे प्रकरणही जागेवरच निकाली काढण्यात आले. सहा पन्नासला बाबुरावांचा फोन आला. आधी नुसते रडत होते. मग म्हणाले, मुलगी, दोघी छान आहेत. मी फोन ठेवला आणि स्टॅबिलायझरला टेकून खाली बसलो, तो तुमच्या ताईने हाताला धरून उठवेपर्यंत.

आता यंत्र दोनशे छप्पन्नपैकी नव्वदवर चालते आहे. हिंडणाऱ्या यंत्रांना दारातूनच परत पाठवण्याची सोय पूर्वाने केली. काल बाबुराव पेढे घेऊन आले आणि म्हणाले, यादीची एक प्रत छापून मिळेल का, मी वहीत उतरवून ठेवतो, तुमच्या यंत्राचा काय भरवसा. मी मुकाट्याने छापून दिली. वहीला लाइट लागत नाही, हे खरेच आहे. फक्त लोक येतात, बघतात आणि क्रमांक न घेता निघून जातात, याची सवय व्हायला मला वेळ लागेल. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
दशरथ ओव्हाळ

ता. क. – पत्र लिहिण्याचे खरे कारण असे की, घरच्या माणसाच्या सहीने अभिलेख नष्ट झाला ही गोष्ट उद्या कोणीही उकरून काढू शकतो. तुम्ही नायब तहसीलदार आहात. तुमच्या तहसिलीचा आमच्या नोंदवहीशी काही संबंध नाही हे मला समजते, पण तुमच्याकडे गोल शिक्का आहे. सोबत कार्योत्तर मंजुरीचा मसुदा तीन प्रतींत जोडला आहे. सही करून दोन प्रती परत पाठवाव्यात, एक आपल्या दप्तरी ठेवावी.

ता. क. २ – शिक्का ठसठशीत उमटवावा.

अनंता, यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून मी वाचलं. सह्या-बिह्या काही करू नकोस. ते बदलीचं प्रकरण निकाली काढलं म्हणून लिहिलंय ना, ते मी सांगते. रक्तपेढीतली सिस्टर म्हणाली, कोणत्याही गटाची एक पिशवी द्या म्हणजे दुसरी पिशवी देते. यांनी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं, मीच होते, आणि मला साखर आहे. सहाशे चौदा लोकांची नावं लिहिली या माणसाने, पण स्वतःचं नाही. सुईला इतके भितात की पूर्वाच्या लसीला लहानपणी मी एकटी जायचे. गुरुवारी गेले आणि दिलं. डोळे गच्च मिटून माझा हात असा धरला की बांगडी पिचली. घरी आले, यंत्रापुढे बसले आणि सहाशे पंधरा नंबरला आपलं नाव घातलं.

सहाशे सोळाला मी तुझं घातलंय. पुढच्या रविवारी विहारात शिबिर आहे. दौंडहून सकाळची गाडी धर, आणि रिकाम्या पोटी निघू नकोस, पोटभर खाऊन ये.