घर वच्छलेच्या नावे

मी, भिवाजी सखाराम इंगोले, राहणार शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला, धंदा शेती, शिक्षण मराठी चौथी (तीही कवितांच्या ओढीने पुरी केली). डोळे मंदावले, पण अक्कल शाबूत आहे. कोणाच्या दाबाने नव्हे, मनाच्या खुशीने माझ्या स्वकष्टाच्या मिळकतीची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावतो.

एक. राहते घर ओट्यासह माझी सून वच्छला हिला पूर्ण मालकीने द्यावे. मुलगा जानराव याचा त्यावर हक्क नाही. कारण गावाला ठाऊक आहे, तरी लिहितो. जानराव तिला मारी. मी आडवा गेलो तर मला सारून मारी. मागच्या श्रावणात तिचा हात मोडला, तेव्हा निंदणाऱ्या बायांची पुढारीण केशरबाई आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी येऊन म्हणाली, "जानराव, बायकोले मारनाऱ्याच्या वावरात आमचं खुरपं चालनार नाही." एकही बाई आली नाही. त्याने दुसऱ्या गावच्या बाया आणल्या. केशरबाईशी बोलून त्याही परतल्या. बैलांचा डवरा फिरतो तो दोन ओळींमधून, कपाशीच्या बुडातले गवत हातानेच निघते. ते असे माजले की मला त्यात शाळेच्या कवितेतले कुरण दिसू लागले, आणि रस्त्याने जाणाऱ्याला जानरावाची करणी. अखेर त्याने सगळ्या बायांसमोर वच्छलेची माफी मागितली, हात न उगारण्याची कबुली दिली. मग निंदण झाले. कबुली आजवर पाळली आहे.

दोन. म्हणून वावर दोघांना निम्मे-निम्मे. कबुली मोडल्यास त्याचा हिस्साही वच्छलेचा. मोडली की नाही, यात वच्छलेचा शब्द प्रमाण. अंमल केशरबाईने करावा.

तीन. कवितांची पुस्तके नात गंगूला. शाळा सुटताना आम्ही पिंपळाखाली एका सुरात म्हणत असू, तशी तिने ओट्यावर मोठ्याने म्हणावी. ती शिकते आहे तोवर तिच्या लग्नाची गोष्ट कोणी काढू नये.

चार. माझे साडू दौलतराव तेव्हा मला म्हणाले, "नवरा-बायकोच्या मधात तुमी कायले पडता, बुवा?" त्यांना माझे एक खुरपे द्यावे. बाया त्यांच्याही वावरात जायच्या थांबू शकतात.

पाच. वरील मजकूर घरात वाचला, तेव्हा वच्छला म्हणाली, "मामाजी, अजून एक लिवा. यायनं पुन्हा हात उगारला, तर मी माहेरी जानार नाही. घरातून हेच जातीन."

जानराव म्हणाला, "मंग मी कुठी जाऊ?"

"तुमी मले रातच्याले बाहीर काढत होते, तवा मले सांगतलं होतं का, कुठी जावाचं?"

कलम कायम केले.

स्थळ शेलूबाजार, ११ नोव्हेंबर १९७४.

लिहून ठेवणार: भिवाजी सखाराम इंगोले

साक्षीदार: केशरबाई (अंगठा), माणिकराव (सही)

ऐकले, समजले: जानराव भिवाजी इंगोले