टॉप व्हेरिएंटची पुढची सीट

आये, आम्ही गाडी घेतली. तू आधी विचारशील, कोनाची? कारण आपल्याकडे गाडी म्हटली की ती दुसऱ्या कोणाची तरी असायची, आणि ती जाईपर्यंत आपण कोळीवाड्याच्या गल्लीत भिंतीला चिकटून उभे राहायचो. तर ही आमची, नवी कोरी. हायब्रिड म्हणतात तिला. पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही चालते, पण त्या बॅटरीला वायर लावून बसावं लागत नाही. ब्रेक मारला की ती आपली आपण भरून घेते. बायला, म्हणजे तुझ्या थोरलीला, मी हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे थांबली तरी कमावते. बरी हाय. आपल्यातलीच हाय." मी अजून पुढे बरंच सांगणार होते, पण तिला तेवढं पुरलं.

गाडी घ्यायची ठरली आणि घरात सुखाने जेवण होईना. तुझा जावई आता रिटायर झालाय, त्याच्या हातात मोबाइल आहे आणि दिवसभराचा वेळ आहे, तेव्हा विचारूच नको. गाडी एकच, पण तिचे तीन प्रकार. व्हेरिएंट म्हणायचं त्यांना. इंजिन तेच, बॅटरी तीच, पण खालच्याला साध्या कापडी सीट. मधल्याला काळ्या रेक्झिनच्या, आणि मागचं बघायला कॅमेरा. टॉपला चारी बाजूंनी कॅमेरे, वर काचेचं छप्पर, आणि क्रीम रंगाच्या चामड्याच्या सीट. त्या सीटना बारीक बारीक भोकं असतात आणि पुढच्या दोघांना त्या भोकांतून गार हवा येते. हो, बसतो तिथूनच. हा माणूस सुरमईचा तुकडा पुढ्यात घेऊन मला सांगत बसायचा, "अगं, एअरबॅग मधल्यातही तेवढ्याच आहेत. मग वरचे पैसे काय नुसते छपराचे?" मी म्हणायचे, आधी काटा बघ. रोज संध्याकाळी कुठला तरी पोरगा मोबाइलमधून ओरडून सांगायचा की मधलाच घ्या, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा सांगायचा की मधला घेतला तर पस्तावाल. डोक्याला नुसता ताप.

खरं सांगू, मला त्यात काही नवीन वाटत नव्हतं. मी तुझ्या मागे बाजारात बसून वाढलेली. तूही फळीवर कोळंबीचे तीन वाटे लावायचीस, लहान, मधला, मोठा. कोळंबी एकाच पाटीतून आलेली. मोठ्या वाट्यावर तेवढी एखादी हाताएवढी ठेवून द्यायचीस, दिसायला. गिऱ्हाईक यायचं, मोठ्याकडे बघत उभं राहायचं, भाव ऐकून गप्प व्हायचं, लहान घ्यायला लाजायचं आणि मधला उचलून चालायला लागायचं. मधला कायम आधी संपायचा. एकदा मी फार शहाणपणा करून एका काकूंना सांगितलं की लहान घ्या, आत सगळं सारखंच आहे. त्या खूश होऊन लहान घेऊन गेल्या. मग तू माझा कान धरलास आणि म्हणालीस, "गिऱ्हायकाला मासळी दाखवायची, अक्कल नाय दाखवायची. अक्कल शाळंत ने." बोलताना तुला हसू येत होतं हे मला दिसत होतं, पण कान मात्र तू पुरता पिळलास.

मला स्वतःला ना छप्पर हवं होतं ना कॅमेरे. मला गाडी हवी होती बायसाठी. तू गेलीस आणि दादरच्या बाजारातली तुझी जागा तिने घेतली. मी शिकले, ऑफिसात लागले, लग्न करून माटुंग्याला आले, आणि ती तिथेच राहिली, त्याच फळीशी. तिने हे एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही, म्हणून मीच मनातल्या मनात बोलत असते. आता तिचे गुडघे गेलेत. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, ती "बघू" म्हणते. सकाळी सगळ्या बायका टेम्पोतून एकत्र येतात तेव्हा काही अडत नाही. परतीचा टेम्पो मात्र संध्याकाळी, तोवर गुडघ्यांनी बसवत नाही, म्हणून दुपारीच ही रिकामी पाटी घेऊन टॅक्सीला हात करते, टॅक्सीवाला हिच्याकडे न बघता पाटीकडे बघतो आणि पुढे जातो. माझ्याकडे कधी बाजारातून परस्पर आली तर सोफ्यावर बसेल तर शपथ. स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसते, "अंगाला वास हाय गो" म्हणते, चहा पिते आणि निघते. बोलून बोलून माझं तोंड दुखलं. आता एवढंच वाटत होतं की आपली गाडी असेल तर ती तिच्यात तरी बसेल. स्टुलावर बसते तशी काठावर नाही, चांगली पाठ टेकून बसेल. ती बसली पाहिजे, बाकी गाडीला चाकं तीन असली तरी चालतील.

त्यामुळे शोरूममध्ये मी तिन्ही व्हेरिएंट एकाच गोष्टीवर तोलत होते, की कुठली सीट धुता येते. तिथली मुलगी चुणचुणीत होती, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. मॅम, मॅम करत एकेक बटण दाखवत होती. मी विचारलं, यावर पाणी सांडलं तर? ती म्हणाली, "कसलं पाणी मॅम?" म्हटलं, मासळीचं. मग तिचं मॅम गळून पडलं आणि ती आपल्या भाषेत आली. "मग काकी, टॉपच्या नादाला लागू नका. भोकांतून आत गेलं ना, तर गाडी विकेपर्यंत आत बांगडा." मी तिला म्हटलं, तू माझी खरी मैत्रीण. वास म्हणजे काय ते मला शिकवायला नको. शाळेच्या वेळेला तू बाजारातून धावत घरी यायचीस, मोरीशी बसून लिंबाच्या साली हाताला घासायचीस, एकदा, मग परत एकदा, मग मला पुढे बसवून हात हुंगायला द्यायचीस. "येतो?" मी नाही म्हटलं की मगच माझ्या वेण्या घालायचीस. वर्गात कोणी माझ्या डोक्याकडे बघून नाक मुरडू नये म्हणून. ते सगळं आठवलं आणि मी त्या मुलीला सांगितलं की मधला पक्का कर, आणि वरून जाड कव्हर घालून दे, थेंबही आत जाणार नाही असं. जावयाचा हिशोबही मधल्यावरच येऊन थांबला होता. आमच्या घरात त्या दिवशी एकमत झालं.

पैसे भरायच्या आधी बायला एकदा दाखवू म्हटलं. सोमवारी बाजार सुना असतो, म्हणून सोमवारी तिला घेऊन गेलो. आये, काय ती आली होती! हळदीला निघाल्यासारखी. हिरवं काठाचं लुगडं, गळ्यात तुझी मोहनमाळ, अंबाड्यात अबोलीचा गजरा. शोरूममधली पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं असेल, आज एकदम चार गाड्या जाणार. मी तिला काळ्या सीटच्या गाडीशी नेलं, मागचं दार उघडलं आणि म्हटलं, बाय, ही तुझी जागा. तिने आत डोकावून बघितलं, मग शेजारच्या गाडीकडे बघितलं.

"ती पांढरी कोनाची?"

"ती टॉपची. ती नको. तिला भोकं आहेत, पाणी आत जातं."

"कसला पानी?"

"तुझ्या पाटीचं. आणि ह्याच्यावर कव्हर पण घालून घेणार आहोत, जाड. तू अगदी बिनधास्त बस."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडली नव्हती. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते तशी बघत होती. मग म्हणाली, "तुना आठवतो काय, आय तुझ्या शाळंचा फ्रॉक घेयाला निघालेली, तवा टॅक्सीवाल्याने काय केलेलं?"

मला आठवत होतं. मीच तर त्या दिवशी टॅक्सी टॅक्सी करून तुझं डोकं खाल्लं होतं. एक टॅक्सीवाला थांबला, भला वाटला. आपण चढणार, तेवढ्यात त्याने सीटवर पेपर पसरला, घडी मोडून नीट, कडेपर्यंत. आणि तू उघडलेलं दार परत लावून टाकलंस. "पेपरात बोंबील बांधतात, बाबा," म्हणालीस. "मी बोंबील नाय." मग आपण चालत गेलो. मी अख्खा रस्ता भोकाड पसरलं होतं आणि बाय मला तुझ्यामागून चिमटे काढत होती.

"मना पाटीसकट बसव असं मी कवा बोलले?" बाय म्हणाली. "पाटी जाईल टेम्पोतनं. मी बाजारातच अंग धुवीन, लुगडं बदलीन, गजरा घालीन आनि येईन. गाडी घेतेस ना माझ्यासाठी? मंग मना बसव. पाटीला काय बसवतेस?"

मला शरम वाटली आणि हसूही आवरेना. शोरूमची मुलगी कॅटलॉगमध्ये तोंड घालून हसत होती. बायने तेवढ्यात क्रीम सीटच्या गाडीचं पुढचं दार स्वतःच उघडलं, गुडघ्याला हात लावत एक पाय आत, मग दुसरा, आणि बसली. पाठ टेकून बसली, आये. मुलीने बटण दाबलं. गाडी चालू झाली तरी आवाजच नाही, बाय म्हणते, "कवा चालू करनार?" मुलगी म्हणाली, "झाली काकी," आणि हवेचं बटण दाबलं. बायचा चेहरा आधी दचकला, मग तिने इकडे तिकडे बघितलं, कोणी खोडी काढतंय का, आणि मग डोळे मिटले. ऊन आणि बर्फ यांच्यामध्ये एवढी वर्षं बसलेली बाई ती.

तुझा जावई खाकरला. म्हणाला, "नाही, पण मधला व्हेरिएंट तसा, पैशाच्या मानाने..."

"भावजी," बाय डोळे न उघडता म्हणाली, "मधला वाटा कोनाला देतात ठाव हाय ना? जो इचार करत उभा रातो त्याला."

आम्ही टॉप घेतली.

बुधवारी संध्याकाळी गाडी हातात मिळाली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, शोरूमच्या मुलीने पेढे वाटले. बाय पुढे, जावई चालवायला आणि मी मागे, एकटी. पैसे अर्धे माझे आणि गार हवा दोघांना, पण असो. जावयाने विचारलं, "घरी?" तर बाय म्हणाली, "बाजारावरनं न्या." बुधवार, बाजार भरलेला. आम्ही हळूहळू गेलो, आणि हळू गेलं की ही गाडी बॅटरीवर जाते, चूं म्हणून करत नाही. एकीनेही मान वर केली नाही. सगळ्या कापण्यात आणि भाव करण्यात गुंग. बायने काच खाली केली, गजरा सारखा केला, तरी कोणी बघेना. "ही काय मेली चोरासारखी चालते," ती म्हणाली. "हॉर्न मारा, भावजी." जावयाने मारला. अख्ख्या बाजाराने आधी शिव्या घातल्या, मग ओळखलं, आणि मग काय विचारतेस. कोयते तिथेच टाकून बायका धावल्या. गाडीभोवती उभ्या राहिल्या, ओले हात अंगापासून लांब धरून, कोणीही गाडीला हात लावेना.

तुझ्या शेजारी बसायची ती मावशी अजून बसते, आये. पार वाकली आहे. ती सगळ्यांत शेवटी आली आणि खिडकीतून आत बघत राहिली. बाय गुडघा धरून खाली उतरली आणि तिला म्हणाली, "बस."

"नको गो. भिजलेली हाय मी."

"मंग वाळशील. खालनं वारा येतो."

आणि मावशी बसली. ओल्या लुगड्याने, हाताला खवले लागलेले, तशीच त्या क्रीम सीटवर टेकली, आणि हवा लागल्यावर लहान पोरीसारखी खिदळली. सगळ्या हसत होत्या. बाय माझ्या खिडकीशी उभी राहून हसत होती. मीही हसत होते, आणि अगदी मनापासून हसत होते. पण हसता हसता माझा हात पर्समध्ये गेला होता, आये, आणि ओल्या टिश्यूचं पाकीट चाचपत होता. मी ते काढलं नाही. पर्सची चेन लावली आणि हात मांडीवर ठेवला. पण तो गेला होता.

बायने ते बघितलं की नाही, मला माहीत नाही. तिला विचारायची माझी छाती होत नाही. रोज दुपारी ती गाडीतून येते, टेकून बसते, जावयाशी गप्पा मारते, सोफ्यावरही बसली एकदा. हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणूनच लिहायला घेतलं होतं, पण आता दाखवणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला सांगून टाकलं.