बिनखताचा वाफा

नंदुरबार, ता. ९ नोव्हेंबर १९३६

सौ. अक्कास, तुझ्या भटक्या भावाचा नमस्कार.

तब्येत ठीक आहे, जेवणाची आबाळ नाही. आईचा खोकला कसा आहे?

शेतकीच्या साहेबांकडे काम लागल्याचं कळवलं होतं. मिरचीला कोणतं खत मानवतं याचं संशोधन. इथले म्हातारे शेतकरी भिलाआबा, त्यांच्या वावरात चार वाफे. तिघांना निरनिराळं खत, चौथ्याला काहीच नाही, म्हणजे फरक कळतो. हे आबांना समजावायचं आणि रोज पाहणी करायची, एवढंच माझं काम.

मी काही न समजावताच नर्मदेवरच्या होड्या बघायला मणिबेलीला गेलो. (काय नदी आहे, अक्का!) तीन आठवड्यांनी आलो तर चौथा वाफाच सगळ्यांत हिरवागार. आबांनी शेणखत घातलेलं. म्हणाले, "तीन जेवतस नि एकले उपाशी कसा ठेवू रे भाऊ?"

साहेब आले नि भडकले. वर्ष वाया गेलं, हे वावर पुन्हा प्रयोगाला घेणार नाही, सुधारलेलं बीही देणार नाही म्हणाले. आबांनी हात जोडले. "भाऊनी सांगेल व्हतं साहेब, मीच भुली गऊ." माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी शेजारी गप्प उभा!

काल साहेबांना खरं सांगून आलो. आबांचं वावर राहिलं, माझं काम गेलं. आईला एवढ्यात सांगू नकोस.

काम गेल्याचं आबांनाही सांगितलेलं नाही. "भाऊ, जेवाले ये," अशी त्यांची हाक येते. जातो, पण ताटावरून मान वर होत नाही.

तुझा,
अनंता