बीटाच्या रंगातली अंडी

ललित,

अंडी उकडलेलं पातेलं घासून मागच्या पडवीतच ठेवलंय. आत आणू नकोस, आईंना चालत नाही. रंगासाठी उकळलेलं बीट आणि कांद्याची सालं तेवढी चिकूच्या मुळाशी टाक.

काल आईंनी विचारलं, ही रंगीत अंडी कशाला? मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, हर्षूच्या शाळेचा प्रोजेक्ट आहे. नंतर हर्षू मला विचारते, "मम्मा, ईस्टर म्हणजे प्रोजेक्ट असतो का?"

आपल्या लग्नात चर्चमध्ये माझ्या शेजारी उभा होतास, तेव्हा घरी काय सांगून आला होतास?

आज ईस्टर आहे. हर्षूला आणि अंडी घेऊन वसईला पप्पांकडे जातेय. आईंनी विचारलं तर सांग, प्रोजेक्ट जमा करायला गेल्यात.

प्रिस्का